मलावीच्या खेड्यात दोन आठवडे: मिशन-फेरीचं वेळापत्रक हापशावर ठरतं

खेड्यातला दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो, तोही हापशाच्या खडखडाटाने. राजधानी लिलाँग्वेच्या आग्नेयेला, नखोमाच्या डोंगराभोवतीच्या गावांत जून-जुलैत सूर्य सहाच्या सुमारास वर येतो. बायका-पोरी त्याआधीच बादल्या घेऊन रांगेत लागलेल्या असतात. मिशन-फेरीवर, म्हणजे चर्चच्या सेवेसाठी थोड्या दिवसांकरता आलेल्या पाहुण्या गटाच्या कागदावर सहाला प्रार्थना, सातला न्याहारी, आठला काम असं नीट लिहिलेलं असतं. न्याहारीचं पाणी कोण आणणार, हे त्यात नसतं.

जायच्या आधी हा हिशोब करा. आंघोळीला दहा लिटर, संडास आणि हातपाय तीन-चार, पिण्याचं तीन, स्वयंपाक आणि भांडी तीन-चार, म्हणजे माणशी वीस लिटर झालं. बारा जणांचा गट असेल तर रोजचं 240 लिटर पाणी, वीस लिटरच्या बारा बादल्या, आणि त्यातली प्रत्येक बादली कुणाच्या तरी डोक्यावरून येते. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या घरी उतरलात तर हे ओझं पाळकीणबाईंवर आणि मंडळीतल्या (त्या चर्चच्या सभासद) बायकांवर पडतं. त्या तोंडातून चकार शब्द काढणार नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी सायकलवाला ठरवा. कॅरिअरला पिवळे कॅन बांधून पाणी पोचवणारे सापडतात. पैसे त्याच्या हातात, आणि हापशाच्या वापराचे वेगळे पैसे पाणी-समितीच्या खजिनदाराकडे द्या. समिती घराघराकडून वर्गणी घेते. पाहुण्यांनी फुकट वापरलं तर पुढच्या महिन्यात वर्गणी मागायला तिला तोंड राहत नाही.

हापसा बहुधा आफ्रिदेव जातीचा असतो. आपल्याकडचा मार्क टू ओळखीचा असेल (त्याचं मूळ जालना-सोलापूरकडच्या मिशनच्या विहीर-कामात आहे), तर फरक चटकन लक्षात येईल. मार्क टू उघडायचा म्हणजे तिकाटणं लावून सगळे पाइप वर ओढायचे. आफ्रिदेवचे प्लॅस्टिकचे पाइप जागेवरच राहतात. पान्याने झाकण उघडलं की एकमेकांत अडकवलेल्या सळया हाताने सुटतात आणि दट्ट्या पाइपातूनच वर येतो. तळाची झडप आकड्याने काढतात. गावातल्या बायका हे काम स्वतः करतात. बिघाडही ओळखता येतो. पहाटे पाणी यायला पंधरा-वीस हापसे मारावे लागत असतील तर तळाची झडप गळते आहे, तिची रबरी कडी किंवा बॉबिन गेलं आहे. दिवसभरच धार बारीक असेल तर दट्ट्यावरचं यू-सील झिजलंय. दांडा डगडगत असेल तर प्लॅस्टिकचे बुश बघा. गटाला काही द्यायचंच असेल तर समितीला विचारून हे सुटे भाग लिलाँग्वेतून आणून द्या. फुगे आणि टोप्या यांच्यापेक्षा ते बरे. पण स्वतः पाना हातात घेऊ नका, समितीच्या माणसाला करू द्या.

फेरीसाठी महिने जून ते ऑगस्ट. मका एप्रिल-मेत निघतो, घरात पीठ असतं, रस्ते कोरडे असतात. जानेवारी-फेब्रुवारीत जाऊच नका. तेव्हा चिखल असतो, डास असतात आणि घरातलं धान्य संपत आलेलं असतं. त्या दिवसांत बारा पाहुणे जेवू घालणं म्हणजे यजमानांच्या पोरांच्या ताटातून काढणं. जुलैतली रात्र मात्र बोचरी असते. ‘आफ्रिका’ म्हणून नुसते सुती कपडे भरणारे पहिल्याच रात्री कुडकुडतात. स्वेटर आणि पायमोजे घ्या.

मुंबईहून बहुतेक जण आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात. हे दोन्ही देश पीतज्वराच्या पट्ट्यातले. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तिचं पिवळं कार्ड टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं, म्हणून ते पासपोर्टलाच जोडून ठेवा. व्हिसाचे नियम अलीकडे वरचेवर बदललेत. तिकीट काढण्याआधी खात्री करा आणि यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र छापून जवळ ठेवा. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं. सिमकार्डाला पासपोर्ट लागतो. एअरटेल आणि टीएनएम दोन्ही घ्या, गावात कधी एकाचं नेटवर्क असतं, कधी दुसऱ्याचं. गावात वीज नसते. बाजाराच्या ठिकाणी सोलरवर फोन चार्ज करून देणारे असतात.

गावात पोचलात की काम सुरू करण्याआधी म्फुमूंना, म्हणजे गावच्या मुखियांना भेटा. सोबत दोन किलो साखर आणि साबण न्यावा, यापेक्षा भारी काही नको. बसायला सांगेपर्यंत उभं राहायचं, टोपी काढायची. हात देताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराजवळ टेकवलेला. घराबाहेरून ‘ओदी!’ म्हणायचं आणि आतून ‘ओदिनी’ येईपर्यंत थांबायचं. अभिवादनाला घाई चालत नाही. ‘मुली ब्वांजी?’ (कसे आहात?) असं विचारलं की ‘न्दिली ब्विनो, काया इनु?’ (मी बरा आहे, आणि तुम्ही?) एवढं म्हणून समोरच्याचं उत्तर ऐकायचं, मग कामाचं बोलायचं. रस्ता विचारतानाही हेच. आधी विचारपूस, मग प्रश्न. ‘झिकोमो’ म्हणजे आभारी आहे. हे चार शब्द पाठ असले की अर्धी कामं होतात.

गोऱ्यांना पोरं ‘अझुंगु’ म्हणतात, आपल्याला ‘अम्वेन्ये’. तिथल्या लोकांनी भारतीय माणूस पाहिलेला असतो तो दुकानाच्या गल्ल्यामागे. तो चर्चमध्ये बाकावर शेजारी येऊन बसतो, याचं त्यांना नवल वाटतं. इथे सुवार्ता पहिल्यांदा घेऊन जाण्याचा आव आणू नका. या भागात डच रिफॉर्म्ड मिशनने 1889 मध्ये म्वेरा इथे काम सुरू केलं, आणि आजची मंडळी चालवणारे पाळक, वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) सगळे तिथलेच आहेत. मराठी गटाला ओळख करून द्यायला एक चांगला धागा आहे. आजच्या मलावीतल्या डोंगराळ भागात 1861 मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेला चुमा 1864 मध्ये स्कॉटिश मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनबरोबर मुंबईला आला आणि डॉ. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकला. पुढे तो लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेवर गेला. त्या मोहिमेत नाशिकच्या शरणपूरला शिकलेले आफ्रिकी तरुणही होते. रविवारी एवढं सांगितलं तरी मंडळी कान टवकारते.

रविवारची उपासना दोन-अडीच तास चालते, गायनमंडळं चार-पाच असली तर जास्तच. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पाहुण्यांना उभं करून बोलायला लावतात, त्यामुळे प्रत्येकाने दोन वाक्यं तयार ठेवावीत. संदेश, म्हणजे प्रवचन, दुभाष्यामार्फत होतो, म्हणजे वेळ दुप्पट. पंचवीस मिनिटं मिळाली तर बारा मिनिटांचाच लिहा. छोटी वाक्यं, कोट्या नकोत. शास्त्रपाठाचे अध्याय-ओव्या आदल्या रात्री दुभाष्याला द्या, त्याला चिचेवा, म्हणजे तिथल्या भाषेतल्या, बायबलमधून वाचायचं असतं. बायकांनी गुडघ्याखाली झाकलेलं असावं. पंजाबी ड्रेस चालतो, त्यावरून चितेंजे गुंडाळलं की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. चितेंजे म्हणजे साधारण दोन मीटरचं छापील कापड, कुठल्याही बाजारात मिळतं. पोर बांधायला, डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ म्हणून, बसायला, सगळ्याला तेच.

जेवण म्हणजे न्सिमा. पांढऱ्या मक्याचं पीठ आधणात घोटून घोटून घट्ट करतात, मीठ घालत नाहीत, आणि ओल्या डावाने त्याचे लंबगोल थर ताटात वाढतात. सीमाभागात रागीमुद्दे खाल्लेल्याला नवखं वाटणार नाही. जेवणाआधी यजमान लोट्याने हातावर पाणी घालतात. उजव्या हाताने घास तोडायचा, मुठीत वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात कालवण, म्हणजे न्दिवो, उचलायचं. शाकाहाऱ्यांचं भागतं. घेवडा मिळतो, भोपळ्याचा पाला मिळतो, आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी तर अगदी आपली वाटते. पण ‘मी मांस खात नाही’ हे आधी कळवा. कोंबडी कापून झाल्यावर सांगितलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते. लोणचं-चटणी न्या, पण ती यजमानीणबाईंनी वाढलेल्या ताटाशेजारी हळूच काढा, बरणी मध्यभागी मांडू नका.

कामाबद्दल स्पष्ट सांगायचं तर विटा रचायला तुमची गरज नाही. गवंडी गावात आहेत आणि तुम्ही रचलेली भिंत ते तुम्ही गेल्यावर ओळंब्याला लावून पाडतात. त्यांची मजुरी भरा, पाणी-वाळू वाहायला हात द्या. मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेला ऐंशी पोरं धरून चाललात तर तीनशे येतात. ऐंशी रंगपेट्या घेऊन तीनशे मुलांसमोर उभं राहणं ही फजिती टाळता येते. मोजून वाटावं लागेल असं काही नेऊच नका. दोरी, गाणी, अभिनयाने सांगायची गोष्ट आणि दहा मदतनीस शिक्षक पुरेत. गोळ्या-पेन वाटू नका, पुढच्या गटाच्या मागे पोरं ‘गिव्ह मी’ करत धावतात. आणि औषधांचं शिबिर परवानगीशिवाय नाही. परदेशी डॉक्टरलाही तिथल्या परिषदेची नोंदणी लागते.

संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो, आणि मलेरियाचे डास तेव्हापासून पहाटेपर्यंत चावतात. मच्छरदाणीसोबत सुतळी आणि चार खिळे न्या. खोलीत अडकवायला बहुधा काही नसतं. गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. क्लोरोक्विन तिथे चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. डॉक्सी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, घसा जळतो. ऊनही लागतं, टोपी हवी. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर पुत्सी माशी अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. म्हणून आतले कपडेसुद्धा कोळशाच्या इस्त्रीने दोन्ही बाजूंनी, शिवणी आणि नाडीसह कडक फिरवून घ्या. मातीच्या जमिनीवर अनवाणी नको, माटेकेन्या नावाचा पिसू नखाखाली घर करतो. पिण्याचं पाणी उकळा किंवा बाजारात मिळणारं क्लोरिन बाटलीवरच्या मापाने घालून अर्धा तास ठेवा. 2022-23 च्या पटकीच्या साथीत या देशात 1,700 हून अधिक माणसं गेली, त्यामुळे गावातले लोकही याला हसत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जायचा आग्रह गटात कुणीतरी करतंच. मलावी तळं सुंदर आहे, आणि त्यात बिलहार्झिया आहे, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या कृमीचा रोग. उतरलातच तर सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांना सांगून त्यावरची प्राझिक्वांटेलची गोळी घ्या. रात्रीचा प्रवास मात्र कुणी कितीही घाई केली तरी नको. बैलगाड्या आणि सायकली दिव्याविना चालतात. डिझेल मिळेल त्या दिवशीच टाकी भरून ठेवा. कापणीनंतरच्या या दिवसांत वाटेत मुखवटेवाले गुले वाम्कुलू, म्हणजे चेवा लोकांच्या गुप्त पंथाचे नाचे, दिसले तर गाडी बाजूला घ्या, फोटो काढू नका, आणि मंडळीतल्या माणसांना त्याबद्दल चारचौघांत विचारू नका.

परतल्यानंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘व्हायरल’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना मलावीला गेल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. तिथला मलेरिया बहुतांश फाल्सिपेरम, म्हणजे सर्वांत जीवघेण्या प्रकारचा आहे, आणि गोळ्या नेमाने घेतल्या असल्या तरी ही तपासणी टाळायची नाही.