पाच सूत

गाडी दारात येऊन अकरा दिवस झाले होते आणि तोवर आमच्या घरात सगळ्यांना ‘ठक्’ची नक्कल यायला लागली होती. धाकटी तर जेवताना ताटावर चमचा आपटून विचारायची, "बाबा, असा?" असा नव्हता. चमच्याचा आवाज वरवरचा. हा पोटातला होता. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, गाडीने ओढ घेतली, की सीटच्या मागे, खाली कुठेतरी एकदाच ठक्. रिव्हर्सला निघालं की पुन्हा एकदाच. गाडी पळायला लागली की काही नाही. जणू कुणीतरी दार वाजवतंय आणि उघडायला गेलं की पळून जातंय.

गाडी चौदा फुटी, सहा टायरची, 2016 चं मॉडेल. सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्यांकडून सहा लाख चाळीस हजारांना घेतली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांच्या टॉवेलच्या गाठी मी इतकी वर्षं भाड्याच्या टेम्पोने पुण्याला पाठवत होतो. भाड्याचा हिशेब एकदा वहीत मांडला आणि झोप उडाली, म्हणून ही गाडी.

घेताना मी काही आंधळेपणा केला नव्हता. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करून बघितलं, डिपस्टिक काढून धूर मारतेय का पाहिलं, टायर, विमा, फिटनेस सगळं तपासलं. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, ताजा काळा रंग मारलेला होता. मला तो आवडला होता, हे आज कबूल करतो. ट्रायलला डाळिंबवाले स्वतः बसले, गाणी लावली आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली. रिकामी गाडी दुसऱ्यात उचलायची सवय बऱ्याच ड्रायव्हरांना असते, त्यामुळे मनात काही आलं नाही. नंतर मीही चालवली, तीही दुसऱ्यातच उचलून. पहिला गिअर पहिल्यांदा टाकला तो भरलेली गाडी घेऊन कारखान्याच्या उतारावरून वर येताना. तेव्हा हा पाहुणा भेटला.

आमच्या गावात गाडीचं बोनेट उघडलं की चौघं जमतात, पण गाडीखाली कुणी झोपलं की आठ. आठांची आठ मतं. इंजिनचं फाउंडेशन रबर गेलं. क्लचप्लेटच्या स्प्रिंगा ढिल्या. हौद्याचे बोल्ट बघ. शेजारच्या यंत्रमागवाल्या अण्णांनी तर जॅक सीटखाली सुटा पडलाय का ते बघायला लावलं. जॅक बांधलेलाच होता, पण मी बघितलं. त्या आठवड्यात मी कुणाचंही ऐकत होतो.

जुन्या बोरामणी नाक्याकडच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने पुढच्या चाकांना दगड लावले, न्यूट्रल केली, खाली शिरून दोन्ही हातांनी शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, धरला आणि इकडून तिकडे पिळला. खट्, खट्. "हे घ्या मालक, क्रॉस गेलेत." क्रॉस म्हणजे शाफ्टचे सांधे. आवाज तर त्याने हातात काढून दाखवला! मी लगेच हो म्हणालो. तीन क्रॉस, एक सेंटर बेअरिंग, मजुरी, मिळून पाच हजार चारशे.

मिस्त्री खोटं बोलला नव्हता, हे मुद्दाम लिहितोय. मागच्या क्रॉसची टोपी काढली तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, विटकरी रंगाची कोरडी पूड होती, आणि सुया बसून बसून क्रॉसच्या खांबावर रेघा पडल्या होत्या. नखाला लागत होत्या. तो क्रॉस आज ना उद्या बदलावाच लागला असता. बाकीचे दोन आणखी वर्षभर चालले असते.

गॅरेजमधून बाहेर निघालो. पहिला गिअर, क्लच. ठक्.

मिस्त्रीने तो आवाज ऐकला आणि पाना पुसत मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या मिस्त्रीने सरळ डिफ्रेन्शियलवर बोट ठेवलं, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या त्या गोळ्यावर, जिथे शाफ्टचा फेरा चाकांकडे वळतो. नवे क्रॉस घालूनही शाफ्ट हाताने थोडा फिरत होता ना, मग आतल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांचे दात झिजले म्हणून. खर्च अडतीस हजार, वर हौसिंग उघडल्यावर आणखी काय निघेल ते वेगळं. त्या रात्री मी गच्चीवर झोपलो होतो. एप्रिलचा शेवट, गादीसुद्धा तापलेली, आणि डोक्यात अडतीस हजार.

इथे एक गोष्ट मला नंतर कळली, आधी कळली असती तर ती रात्र बरी गेली असती. शाफ्टला हाताने दिसणारी ढिल फसवी असते. डिफ्रेन्शियलमध्ये शाफ्टचे पाच-सहा फेरे झाले की चाकाचा एक होतो. म्हणजे चाकाकडची एका अंशाची ढिल शाफ्टला पाच-सहा अंशांची होऊन दिसते. शिवाय दातांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेलीच असते, नाहीतर तेल शिरणार कुठून. आठ-नऊ वर्षं चाललेल्या गाडीचा शाफ्ट हाताने जरासुद्धा हलला नाही, तर उलट तीच काळजीची गोष्ट.

सकाळी एवढं डोकं मात्र चाललं की उघडायच्या आधी तेल काढून बघू. खालच्या बुचाला चुंबक असतं. बूच काढलं तर चुंबकावर काळं लुकण चिकटलेलं. चिमटीत घेऊन चोळलं, काजळासारखं मऊ लागलं. किस नाही, दाताचा तुकडा नाही. वास जळका नाही. दात खरंच खाल्ले गेले असते तर काहीतरी चमकलं असतं. नवीन 80W-90 तेल भरलं, अकराशे रुपये गेले, अडतीस हजार राहिले. ठक् मात्र होताच. तसाच माल भरून पुण्याला निघालो, काय करणार, गाठी थांबत नाहीत.

सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रांग होती. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत पुढे सरकली, ब्रेक दाबला, ठक्. मला राग आला, एवढंच. त्या ठक् ने मला किती मोठी गोष्ट सांगितली ते कळायला आणखी तीन दिवस लागले.

आमच्या शास्त्रीनगरात एक चाचा आहेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात गेली, आता नातवाला शाळेत सोडणं आणि चहा. त्यांना मी आधी विचारलं नव्हतं, कारण ते फार प्रश्न विचारतात आणि मला उत्तर हवं होतं. त्या दिवशी मात्र टपरीवर त्यांनीच धरलं.

"काय बे, तुझ्या गाडीतनं आवाज येलालाय म्हणे?"

मी सगळी कथा सांगितली. चाचांनी बशीत चहा ओतला. "खड्ड्यात येतो?" नाही. "स्पीड ब्रेकरवर?" नाही. "ब्रेक मारताना?" येतो. "गिअरमें?"

"गिअरमध्येपण येतो, आणि परवा टोलनाक्यावर न्यूट्रलमध्ये..."

मी तिथेच थांबलो. चाचा हसले. "न्यूट्रल में था ना? फिर क्राऊन क्या बोलेगा रे? उसपे तो जोरच नय." गिअर नव्हता, म्हणजे इंजिनचा जोर शाफ्टवर नव्हता, डिफ्रेन्शियलच्या दातांवर नव्हता. तरी आवाज आला. म्हणजे गाडी ओढली जाताना आणि अडवली जाताना, दोन्ही वेळेला जे हलतं ते यांच्यापैकी काही नव्हे. सात दिवस आम्ही सगळे चुकीच्या घराचं दार वाजवत होतो.

"आणखी काय?" चाचा म्हणाले. मला काही आठवेना. मग एकदम मेव्हणा आठवला. गाडी घेतली त्या आठवड्यात तो मोटारसायकलवर मागून येत होता आणि घरी आल्यावर म्हणाला होता, "भावजी, गाडी तुमची कुत्र्यासारखी तिरकी पळती की!" आम्ही हसलो होतो. स्टेअरिंगही सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे धरावं लागायचं. अलाइनमेंट करून घेऊ, म्हणून मी सोडून दिलं होतं.

चाचांनी चहा तसाच ठेवला. "सूत आण."

सोलापुरात सुताला तोटा नाही. अण्णांच्या शेडमधून दोरा आणला. डावीकडे मागच्या पाट्याच्या (गाडीचा भार पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या पिनेपासून अॅक्सलच्या (दोन्ही मागची चाकं ज्यावर बसतात त्या आडव्या धुडाच्या) मध्यापर्यंत तो ताणून धरला, गाठ मारली, आणि तसाच उजव्या बाजूला नेऊन लावला. गाठ जुळेना. चाचांनी खिशातला जुना फूटरूल काढून फरक मोजला. "पाच सूत." मिस्त्री लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सूत म्हणजे साधारण 16 मिलिमीटर. डावं चाक उजव्यापेक्षा तेवढं मागे होतं.

मग नातवाच्या वयाच्या एका पोराला केबिनमध्ये बसवणार होतो, चाचांनी मला दटावून ड्रायव्हरला बोलवायला लावलं. पुढच्या चाकांना दगड. ड्रायव्हरने ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकायचा, क्लच जरासा सोडून गाडीला फक्त हुंदका द्यायचा, मग रिव्हर्स टाकून तेच. आम्ही दोघं बाजूला, चाकाच्या रेषेच्या बाहेर, फरशीवर गाल टेकून बॅटरी मारत होतो.

पहिला. ठक्. पाटा जागेवर, आणि त्याच्या खालचा अॅक्सल करंगळीच्या नखाएवढा पुढे सरकला. रिव्हर्स. ठक्. मागे आला. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. एवढं मोठं लोखंडी धूड, आणि पाटावर ठेवलेल्या वाटीसारखं सरकत होतं.

जवळून बघितल्यावर सगळंच दिसायला लागलं. तो ताजा काळा रंग पूर्ण चेसिसवर अखंड होता, पण पाटा आणि अॅक्सलची बैठक जिथे भेटतात तिथे एक केसाएवढी रेघ फुटलेली. रेघेतून कुंकवासारखी लाल पूड ओघळलेली. यू-बोल्टच्या नटाभोवतीही तीच. लोखंड लोखंडावर घासलं की अशी पूड पडते. रंग मारणाऱ्याने आठ वर्षांचं सगळं झाकलं होतं, पण रंगावरच नवीन लिहिलं गेलं होतं.

चाचांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. अशा गाडीत इंजिनचा जोर चाकापर्यंत शाफ्ट नेतो खरा, पण चाक पुढे ढकलतं तेव्हा तो धक्का चेसिसला पोचवतो कोण? पाटा. पाट्याचा पुढचा अर्धा भाग गाडीला अक्षरशः ढकलत असतो. ब्रेक मारला की तोच पाटा गाडीला मागे धरतो. आणि अॅक्सलला पाट्याशी घट्ट आवळून धरतात ते यू-बोल्ट, प्रत्येक बाजूला दोन. मधला सेंटर बोल्ट पाट्यांची चवड एकत्र बांधतो आणि त्याचं डोकं अॅक्सलच्या भोकात बसून फक्त जागा दाखवतो. भार घेणं त्याचं काम नाही. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार बिचाऱ्या सेंटर बोल्टवर, आणि तो एक दिवस मान टाकतो. पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये चाकावर जोर सगळ्यात जास्त, म्हणून तिथेच ठक्. दुसऱ्यात उचलली की जोर कमी, अॅक्सल हलत नाही. आवाज पिनेतून चेसिसमध्ये जातो आणि चेसिस त्याला सीटच्या मागे आणून सोडतं. डाव्या चाकाशी जन्मलेला आवाज मला मधोमध ऐकू येत होता.

हैदराबाद रोडला एका पाटेवाल्याकडे गाडी हळूहळू नेली, रिकामी, दुसऱ्या गिअरमध्ये. डाळिंबवाल्यांसारखीच. पाटा उतरवला तेव्हा सेंटर बोल्टचे दोन तुकडे वेगळे निघाले. तुटलेलं तोंड मी बराच वेळ बघत बसलो. एक कड जुनी, काळपट, घासून गुळगुळीत झालेली, आणि उरलेला भाग भाकरी मोडल्यासारखा खरबरीत. म्हणजे एका दमात तुटला नव्हता. आधी चीर पडली, ती कितीतरी दिवस वाढत गेली, आणि शेवटी उरलेलं मोडलं. अॅक्सलच्या बैठकीचं भोक सुदैवाने शाबूत होतं.

पाटेवाला म्हणाला, उजवीकडचे यू-बोल्ट ठीक दिसतायत. चाचांनी ऐकलं नाही, चारही नवीन घालायला लावले. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तसा धरत नाही म्हणे. चार यू-बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, मजुरी, एकूण दोन हजार सातशे वीस. नट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, शेवटचा पिळ गाडी चाकांवर उतरवून. उजेड होता तोवर सूत परत लावलं. गाठ गाठीवर बसली.

पाटेवाल्याने बजावलं, पाचशे किलोमीटरला परत आण, नवीन बोल्ट बसतात, ढिले पडतात. पुण्याची एक खेप जाऊन येऊन साधारण तेवढीच. परत आलो तेव्हा एकेक नट पाव फेरा तरी फिरलाच. डावीकडचा मागचा तर त्याहून जास्त. तो नसता आवळला तर वर्षभरात आम्ही सगळे परत फरशीवर गाल टेकून असतो.

चाचांना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. तुटलेला बोल्ट मात्र मागून घेतला, नातवाला दाखवायला.

परवा संध्याकाळी डाळिंबवाल्यांचा फोन आला. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 त्यांच्याकडे सहीला पाठवले होते. सही कुठे करायची, फोटो लागतो का, आरटीओत स्वतः यावं लागेल का, सगळं झालं. मग जरा थांबून अगदी आपुलकीने विचारलं, "आणि ते ठक् ठक् गेलं का हो?"

मी त्यांना आवाजाबद्दल कधी काही बोललोच नव्हतो.

"गेलं," म्हणालो, आणि सही दोन्ही प्रतींवर करा म्हणून सांगितलं.