खोलीत कोण कोण आहे ते बघून

तान्हा पोळा, रात्री

सकाळी नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे ईडा-पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांची मिरवणूक, बघितली आणि तिथूनच ताईकडे जेवायला गेले. गर्दी नेहमीसारखीच, पाय ठेवायला जागा नाही. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, आणि सोबतीला दरवर्षी नवे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. महागाईचा, खड्ड्यांचा, कुठल्यातरी पुढाऱ्याचा. गळ्यात जोड्यांच्या माळा, पाट्यांवर असा मजकूर की घरात मोठ्यानं वाचू नये. ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!’ हे भर रस्त्यात, पोलिसांसमोर ओरडायचं. ज्याच्या नावानं ओरडतात त्याची माणसंही बहुधा त्याच गर्दीत उभी असतात.

ताईकडे जेवणं झाल्यावर भाऊजींनी आरक्षणातून डॉक्टर झालेल्या माणसाचा तो विनोद काढला. इथे लिहीत नाही, सगळ्यांनी ऐकलेलाच आहे. माझं लक्ष विनोदाकडे नव्हतं. सांगण्याआधी त्यांनी खोलीभर नजर फिरवली, ते मी बघितलं. त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ नुकतेच चहा घेऊन गेले होते. तेव्हा कुठे विनोद बाहेर आला.

मी विचारलं, “ते बसले असते तर सांगितला असता का, भाऊजी?”

“तू तं उलटतपासणीच करून राहिली! जोक आहे ना बाप्पा.”

सगळे हसले, भाच्यानं मध्येच लाकडी बैल नाचवत बोजाऱ्याचे पैसे मागितले आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

वकिलीचा धंदा, त्यामुळे कलम आठवणं ओघानंच आलं. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जाणूनबुजून केलेला अपमान गुन्हा ठरायला तो लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी हजर नसताना बोललेलं त्या कलमात बसत नाही. भाऊजींनी हा निकाल वाचला असण्याची शक्यता शून्य. पण कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं, हे त्यांना कलम न वाचताही नेमकं माहीत आहे. म्हणून ‘सहज तोंडातून गेलं’ हे मला पटत नाही. सहज जाणारी गोष्ट माणसं मोजून जात नाही.

तरी यावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. संता-बंताचे विनोद थांबवा म्हणून एका शीख वकील बाईंनी 2015 मध्ये याचिका केली होती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, आणि दिले तरी ते पाळले जातात की नाही हे बघणार कोण? ते बरोबरच आहे. कोण कुणाच्या दिवाणखान्यात शिपाई बसवणार?

समोरासमोर बोललं की झालं, असाही हिशेब मी मांडून बघितला. तो टिकत नाही. पुण्यात शिकायला होते तेव्हा माझ्या नागपुरी ‘करून राहिले’वर लोक माझ्या तोंडावर हसायचे. नजर फिरवायची त्यांना गरज नव्हती, कारण तिथं मी एकटी होते. आणि मारबतीचं तरी काय? काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बाकाबाई, असं सांगतात. एवढ्या वर्षांत किती पुढारी आले नि गेले, त्यांचे बडगे बदलत राहिले. शिव्या खायला कायमची उभी आहे ती बाईच. आज बघताना हे जरा टोचलं. पुढच्या वर्षीही बघायला जाईनच म्हणा.

पण बडग्याच्या पाटीवर निदान त्या माणसानं काय केलं ते लिहिलेलं असतं. खड्डा आहे, म्हणून शिवी आहे. संताच्या जागी दुसऱ्या कुणालाही वेंधळा करा, विनोद तसाच्या तसा चालतो. रोज ऐकणाऱ्या शीख पोराला त्याचा वैताग येतो तो वेगळाच. भाऊजींच्या विनोदात मात्र माणूस बदलता येत नाही. तो त्याच लोकांवर चालतो, आणि हसून झाल्यावरही काम करत राहतो. दवाखान्याच्या पाटीवरचं आडनाव वाचून पुढच्या दवाखान्याकडे वळलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना कारण विचारलं तर कारण म्हणून हाच विनोद सांगतील. आणि हे दीक्षाभूमीच्या शहरात.

आणखी थोड्या दिवसांनी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे परत जमणार, ते ऑफिसातले गृहस्थही. निघताना ताईनं दारातच बजावलं, “तेव्हा तरी तोंड आवर हं.”

मला म्हणाली. भाऊजींना नाही.