वेल्सचा जिना आणि रुमालातली काच

मागच्या शनिवारी ब्रिस्टलहून वेल्सला जाऊन आले, म्हणजे वेल्स देश नव्हे, इंग्लंडमधलं कॅथेड्रलचं छोटं शहर. तिथे रेल्वे स्टेशनच नाहीये, बस पकडायची, पण रस्ता मेंडिपच्या टेकड्यांवरून जातो त्यामुळे कंटाळा येत नाही. बॅगेत रुमालात गुंडाळलेली एक काच होती. जुन्या बाजारात मिळालेली लँटर्न स्लाइड, म्हणजे दिव्याच्या यंत्रात घालून पडद्यावर दाखवायची फोटोची काच, सव्वातीन बाय सव्वातीन इंच, एकावर एक दोन काचा आणि कडांना काळी कागदी पट्टी. आत वेल्स कॅथेड्रलचा चॅप्टर हाउसकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या सभागृहाकडे, जाणारा जिना. काढणाऱ्याचं नाव नाही.

ह्याच जिन्याचा फ्रेडरिक एव्हान्सने १९०३ मध्ये काढलेला फोटो फार गाजला, 'अ सी ऑफ स्टेप्स', पायऱ्यांचा समुद्र. लंडनमध्ये पुस्तकांचं दुकान चालवायचा हा माणूस, १८९८ मध्ये ते सोडलं आणि कॅथेड्रलांच्या मागे लागला. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की नाव पटतं, सातशेहून जास्त वर्षं पाय पडून पडून दगड मधोमध झिजलाय आणि जिन्याचा एक फाटा उजवीकडे फुटलेल्या लाटेसारखा चॅप्टर हाउसच्या दारात शिरतो.

त्या काळी अशा जागी फोटो काढायचा म्हणजे चिकाटीच हवी. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं उघडा ठेवायचा, मधून कोणी चालत गेलं तर ते प्लेटवर, म्हणजे फिल्मच्या जागी असलेल्या काचेवर, उमटायचंसुद्धा नाही. खरा त्रास खिडक्यांचा, तो उजेड प्लेटच्या आरपार जाऊन मागच्या बाजूवरून उलटा परतायचा आणि खिडकीभोवती पांढरं धुकं धरायचं, म्हणून प्लेटच्या पाठीला जळक्या साखरेचा वगैरे गडद लेप द्यायचे.

मी मोबाइलने काढला तर त्याने उजेड आणि काळोख एकाच पातळीवर आणून ठेवले, सगळं सपाट. मग स्लाइड काढली आणि जिन्यातल्याच खिडकीसमोर धरली. वळण डावीकडे! मग स्लाइडवरचे ते दोन पांढरे ठिपके आठवले, लँटर्नवाल्याला बाजू कळावी म्हणून चिकटवलेले, काच पलटली आणि वळण जागेवर आलं. कागदावर जो भाग नुसता काळा ठिक्कर दिसला असता तिथे एकेका पायरीची झिजलेली कड दिसत होती, कारण उजेड आरपार येतो ना. आपल्या कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेतली, म्हणजे त्यांच्या मॅजिक लँटर्नच्या खेळातली, काचेवर रंगवलेली चित्रं अशाच उजेडाने पडद्यावर जिवंत व्हायची. इमारतीच्या आतला फोटो बघावा तर काचेवरच, असं माझं ठाम मत झालंय.

किती वेळ तशीच उभी होते. मग बाहेर ढग आला आणि जिना एकदमच काळवंडला, समोरचाही आणि काचेतलाही.