माडीवरचा एपी अखेर गिगाबिटवर: दोष रेडिओत नव्हता, तारेत होता

माडीवरच्या एपीचं (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा) रात्री आपोआप रिस्टार्ट होणं थांबलं. बसवल्यापासून १०० एमबीपीएसच्या पुढे न सरकलेला त्याचा पोर्ट आता १००० वर, म्हणजे गिगाबिटवर, ठाम उभा आहे. मंगळवार पेठेतल्या या घराची रचना मागच्या नोंदींत येऊन गेली आहे, म्हणून थोडक्यात: पुढे दगडी भिंतींचा जुना वाडा, वर लाकडी माडी आणि पत्र्याचं छप्पर, मध्ये अंगण, मागे स्लॅबचं नवं घर. तीन एपी, नावं तीच: माजघर, माडी, मागचं घर. ओएनटी (फायबर घरात येतो तो डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम न करणारा; राउटर आणि आठ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीजही देणारा) जिन्याखालच्या कपाटात, तिन्ही एपींवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोकळं फर्मवेअर.

मागच्या वेळी चर्चा फर्मवेअरवर अडली होती. वायरलेस ड्रायव्हर बदलून पाहा, चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झवरून ४० वर आणा, पत्रा तापतो म्हणून एपी खाली घ्या, असे सल्ले आले. तिन्ही करून झाले, फरक शून्य. पत्र्याचा मुद्दा उन्हाळ्यात महत्त्वाचा आहेच, पण हा एपी दुपारी तापलेला असताना नीट चालत होता आणि रात्री हवा गार झाल्यावर बंद पडत होता. म्हणजे उष्णता नाही, लोड: एकाच वेळी होणारा जास्त वापर.

लॉगनेही तेच सांगितलं. एपीचा लॉग रॅममध्ये असतो, रिस्टार्ट झाला की पुसला जातो. म्हणून रिमोट सिसलॉग वापरून तो नेटवर्कवरून राउटरकडे वळवला, पोर्ट ५१४. रिस्टार्टच्या आधीची शेवटची ओळ प्रत्येक वेळी अगदी साधी: कुणाचा तरी फोन जोडला गेला, बस. कसली चेतावणी नाही, मेमरी संपल्याचं काही नाही, पीस्टोअर, म्हणजे सिस्टिम कोसळताना शेवटची नोंद जपणारी जागा, तीही रिकामी. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पडला तर बहुतेक वेळा काहीतरी माग राहतो. काहीच माग नसला तर आधी वीजपुरवठ्याकडे बघायचं.

मग मुद्दाम लोड दिला. एका लॅपटॉपवरून ५ गिगाहर्ट्झवर आणि दुसऱ्यावरून २.४ वर एकाच वेळी आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्रॅम), चार-चार स्ट्रीम, मिनिटभर. एपी लगेच गेला. तोच एपी त्याच्या मूळच्या १२ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर माडीवरच लावला, तीच चाचणी तासभर चालवली. हललासुद्धा नाही. रेडिओ, ड्रायव्हर, चॅनल, सगळे इथे सुटले.

हा एपी पीओईचा नाही, त्याला १२ व्होल्टची गोल पिन लागते. त्यामुळे आधीच्या वायरमनने सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळते ती पॅसिव्ह पीओईची जोडी लावली होती: एका टोकाला १२ व्होल्ट घालायचे, दुसऱ्या टोकाला काढायचे. नेटवर्क केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार पेअर असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. पॅसिव्ह पीओईची ही जोडी निळ्या आणि तपकिरी पेअरवरून, म्हणजे ४-५ आणि ७-८ क्रमांकाच्या तारांवरून वीज नेते आणि डेटासाठी दोनच पेअर ठेवते. गिगाबिटला चारही पेअर लागतात, म्हणून १०० च्या पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्याला हे चालतं, एपीला नाही.

आता हिशेब बघा, कारण सगळा प्रश्न यात आहे. केबलची लांबी ३८ मीटर. पेअरच्या दोन्ही तारा समांतर धरल्या तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ५ ओहम निघतो. (चांगल्या तांब्याच्या २४ गेज केबलला तो ३.२ च्या आसपास यायला हवा. इथे ५ का, ते पुढे.) १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून ५ ओहमपलीकडे जास्तीत जास्त किती वीज पोचवता येते? व्होल्टेजचा वर्ग भागिले चार गुणिले रेझिस्टन्स: १४४ भागिले २०, म्हणजे ७.२ वॉट. एपी निवांत असताना ४ वॉट घेतो. तेव्हा माडीवरच्या टोकाला मल्टिमीटरने १० व्होल्ट दाखवले, गणितातही तेवढेच येतात. दोन्ही रेडिओ भरात आले की त्याला १० वॉट लागतात, आणि ते या तारेतून पोचणं शक्यच नाही. व्होल्टेज खाली येतं, एपी जास्त करंट ओढतो, व्होल्टेज आणखी खाली जातं, रिस्टार्ट. अडॅप्टर २ अँपिअरचा लावा की ५ चा, काही फरक पडत नाही. दुकानात मात्र हमखास ‘मोठा अडॅप्टर घ्या’ हाच सल्ला मिळतो.

इलाज सरळ होता. स्विचवर ८०२.३ एएफचे, म्हणजे प्रमाणित पीओईचे, पोर्ट मोकळे होते, माडीवर ४८ चे १२ व्होल्ट करणारा एएफ स्प्लिटर लावला. त्याच तारेतून आता ४८ व्होल्टवर पाव अँपिअर जातो आणि तारेत ०.३ वॉट जळतात. स्प्लिटर घेताना दोन गोष्टी पाहा: त्यावर ‘गिगाबिट’ स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण दिसायला सारखेच १०० वाले खूप विकले जातात, आणि आउटपुट १२ व्होल्टला निदान १ अँपिअर हवा. एएफमध्ये उपकरणापर्यंत १२.९५ वॉटच पोचतात, त्यातून स्प्लिटरची घट वजा जाते. १० वॉटच्या एपीला पुरतं, त्याहून मोठ्याला एटी (जास्त वॉटचा पीओई) घ्या.

रिस्टार्ट त्या क्षणी थांबले. वेग मात्र १०० वरच.

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. एथटूलमध्ये (पोर्टची स्थिती दाखवणारी कमांड) दोन्ही बाजू १००० जाहीर करत होत्या आणि स्पीड १०० दाखवत होता. हे चित्र ओळखून ठेवा. ऑटोनिगोशिएशन, म्हणजे वेग ठरवण्याचं पोर्टांचं बोलणं, १-२ आणि ३-६ या (नारिंगी आणि हिरव्या) पेअरवरच होतं, त्यामुळे दोन्ही पोर्ट एकमेकांना ‘मी गिगाबिट आहे’ असं सांगू शकतात. पुढे चारही पेअरवर ट्रेनिंग (सिग्नलची जुळवणी) सुरू झालं की एखादी पेअर दगा देते आणि पोर्ट निमूट १०० वर उतरतो. म्हणजे दोष निळ्यात किंवा तपकिरीत. पण एलईडीवाला केबल टेस्टर लावला की आठही दिवे क्रमाने लागत होते.

त्या टेस्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तारा उलटसुलट लागल्या आहेत का, एवढंच तो सांगतो. दिवा लागायला काही मिलिअँपिअर पुरतात, शेवटच्या धाग्यावर टिकलेली तारसुद्धा तो पास करतो. त्यापेक्षा साधा मल्टिमीटर बरा. पीओई बंद करायचं, केबल दोन्ही टोकांना मोकळी करायची, माडीवर एका पेअरच्या दोन तारा एकमेकींना पिळायच्या आणि खाली ओहम मोजायचे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचे ओहम आधी वजा करा, नाहीतर आकडे फसवतात. नारिंगी, हिरवी आणि निळी, तिन्ही पेअर १० ओहमच्या जवळपास. तपकिरी १४ दाखवायची, कीस्टोनपाशी (केबलच्या टोकाच्या सॉकेटपाशी) केबलला बोट लावलं की ४० वर जायची, सोडलं की परत खाली.

म्हणजे दोन दोष एकात एक. पहिला, तपकिरी पेअर कीस्टोनमध्ये अर्धवट तुटलेली. दुसरा, चांगल्या पेअरसुद्धा १० ओहम, जिथे तांब्याच्या २४ गेजला ३८ मीटरला साडेसहाच्या आत यायला हवेत. तार ब्लेडने खरवडली, आत पांढरी. सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वर छापलेलं ‘कॅट ६’ खोटंच, कारण त्या दर्जात ॲल्युमिनियमची तार बसतच नाही. ॲल्युमिनियम ठिसूळ, दोन-तीनदा वाकलं की आतून तडकतं. कीस्टोनची पाती मुलामा कापून आत जाते, तिथे ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि आपल्याकडचा पावसाळ्यातला दमट महिना त्यावर ऑक्साइड चढवतो. त्यामुळेच हा दोष कधी असतो, कधी नसतो.

तपकिरी कापून पुन्हा पंच केली (कीस्टोनमध्ये दाबून बसवली) तेव्हा १००० आलं, पण आयपर्फमध्ये रिट्रान्समिशन (पुन्हा पाठवावा लागलेला डेटा) आणि स्विचवर सीआरसी एरर (बिघडून पोचलेला डेटा) वाढतच राहिल्या. सीसीएची डागडुजी करू नये, काढूनच टाकावी.

नवी केबल शाहूपुरीत घेतली: २३ गेज, शुद्ध तांबं, मध्ये प्लास्टिकची क्रॉस पट्टी. ओळखायची खूण: ३०५ मीटरच्या खोक्यात नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, वर प्लास्टिक वेगळं. खोकं एका हाताने सहज उचललं गेलं तर तिथेच ठेवा. सुटी घेत असाल तर दुकानातच टोक सोलून खरवडा. जो दुकानदार खरवडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. चांगला दुकानदार स्वतःच ब्लेड पुढे करतो.

ओढायला जुनी केबलच कामी आली. जिन्यातून माडीपर्यंत २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आहे. नवीचं टोक जुनीला चढउतार न ठेवता टेपने गुंडाळलं, एक जण वरून ओढणारा, एक खालून सोडणारा. झटका द्यायचा नाही. कॅट ६ ला ११० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ११ किलोच्या पुढे ताण देऊ नये, नाहीतर पेअरचा पीळ सैलावतो. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे २५ मिलिमीटर तरी. लाइटच्या वायरला समांतर न्यायची वेळ आली तर मध्ये फूटभर अंतर, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात.

दोन्ही टोकांना कीस्टोन, बी पद्धत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. भिंतीतल्या अखंड तारेला थेट आरजे ४५ क्रिम्प करण्यापेक्षा कीस्टोन आणि तयार पॅचकॉर्ड केव्हाही चांगलं. आरपार जाणारे कनेक्टर सोपे वाटतात, पण क्रिम्परची पाती बोथट असली की तारांची टोकं पुढे किंचित उरतात आणि पोर्टच्या धातूला लागतात.

मोजमाप: चारही पेअर ५.१ ते ५.३ ओहम. आयपर्फ ९४ वरून ९४१, एकही एरर नाही. हा आकडा स्क्रीनवर स्थिर राहिलेला बघणं हेच या सगळ्या उपद्व्यापाचं फळ.

वायर नीट झाल्यावर रोमिंगकडे, म्हणजे फोन एका एपीवरून दुसऱ्यावर जाण्याकडे, बघता आलं. या वाड्यात सिग्नलची गंमत अशी की दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झ जवळपास गिळते (भिंतीअलीकडे उणे ५८ डीबीएम, पलीकडे उणे ८१; उण्यापुढचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण), पण माडीची लाकडी तक्तपोशी काहीच अडवत नाही. त्यामुळे फोन माडीवर आला तरी खालच्या माजघराला उणे ७० वर चिकटून राहायचा. माजघराची २.४ ची पॉवर ११ डीबीएमवर आणली, ५ ची १७ वर, आणि ८०२.११ आर (एपी बदलताना पटकन जोडणी) सुरू केलं: तिन्हीकडे एकच मोबिलिटी डोमेन (एपींच्या गटाची ओळख), एफटी ओव्हर डीएस (जुन्या एपीमार्फत बोलणी) बंद, एन्क्रिप्शनची ‘की’ स्थानिक पातळीवर बनवणं चालू. हे शेवटचं डब्ल्यूपीए२ वरच चालतं, डब्ल्यूपीए३ च्या एसएई या पासवर्ड पद्धतीबरोबर नाही. ८०२.११ चं के आणि व्ही (फोनला जवळचा एपी सुचवणारं) हवं तर डब्ल्यूपॅड या वायफाय प्रोग्रॅमची बेसिक नव्हे, पूर्ण आवृत्ती बसवा. आता जिना चढताना व्हिडिओ कॉल तुटत नाही. चॅनल: २.४ वर १, ६, ११, रुंदी २० च. ५ वर माजघर ३६, माडी १४९. ५२ ते १४४ मधले डीएफएसचे (रडारबरोबर वाटून घेतलेले) चॅनल मी टाळतो, रडारसाठी मिनिटभर ऐकत बसल्याशिवाय रेडिओ सुरू होत नाही.

जाता जाता, इन्व्हर्टरवाल्यांसाठी: लाइट गेली की ओएनटी आणि स्विच रिस्टार्ट होत असतील तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर करून बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि लहान अडॅप्टर तेवढा टिकत नाहीत.

आता मागचं घर. ते अजून वायरलेस डब्ल्यूडीएसवर आहे, म्हणजे तारेऐवजी वायफायनेच बाकीच्या नेटवर्कला जोडलेलं; एकच रेडिओ दोन्हीकडे बोलतो म्हणून वेग निम्मा. ठरलं होतं अंगणावरून तांब्याची आउटडोअर केबल आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर. पाइपमध्ये केबल ओढताना बेत बदलला. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आहे, वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की त्या दोन अर्थमधला फरक तांब्यावरून थेट दोन्हीकडच्या पोर्टांत उतरतो. सर्ज प्रोटेक्टर धोका कमी करतो, संपवत नाही. फायबरमध्ये धातूच नाही, धोकाच उरत नाही. म्हणून सिंगल मोड फायबरची ड्रॉप केबल टाकायची, आतली आधारकाडी लोखंडी तारेची नव्हे, एफआरपीची (फायबरग्लासची). दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा), एकाच धाग्यावर चालणारी १३१० आणि १५५० नॅनोमीटरची जोडी, कपाटात ए आणि मागे बी. दोन्ही ए घेऊन आलात तर लिंक लागणार नाही.

कनेक्टर मात्र आधी तपासायचा आहे. केबलवाल्यांकडे टोकं सहसा हिरवी, एससी एपीसी असतात आणि मीडिया कन्व्हर्टर निळे, एससी यूपीसी मागतात. हिरवं निळ्यात घुसतं, पण टोकाचा कोन जुळत नाही आणि प्रकाश वाया जातो. स्प्लाइस करणाऱ्याला (फायबर जोडणाऱ्याला) दोन्हीकडे यूपीसी पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) लावायला सांगितलं आहे. लिंक लागली की डब्ल्यूडीएस बंद आणि मागच्या घराला ५ गिगाहर्ट्झवर पुन्हा ३६, मध्ये दोन दगडी भिंती आहेत, माजघराशी भांडण होणार नाही.