मुळांची शिल्लक

दुपारी चहा ठेवायला उठलो, तर कांद्याबटाट्यांच्या टोपलीत महाशिवरात्रीपासून राहून गेलेल्या एका रताळ्याला जांभळट कोंबांचा झुबका फुटलेला दिसला. शेजारच्या बटाट्यालाही कोंब आले होते. पण त्याचा प्रत्येक कोंब ठरलेल्या डोळ्यातून निघाला होता, आणि डोळेच नसलेल्या रताळ्याने आपले सगळे कोंब देठाकडच्या टोकाला, कसलाही क्रम न पाळता, दाटीवाटीने काढले होते. बटाटा हे जमिनीखालचे खोड आणि रताळे हे खरेखुरे मूळ, हा भेद शाळेपासून मला उगाचच महत्त्वाचा वाटत आला आहे. भाजीच्या गाडीवर आले किंवा ओली हळद हातात घेऊन ‘हे मूळ नव्हे’ असे पुटपुटण्याची माझी खोड अजून गेलेली नाही.

आजीला असल्या भेदाशी काही कर्तव्य नव्हते. तिच्या एकादशीला रताळे चालत असे, बटाटा चालत असे, गाजर आणि मुळा मात्र चालत नसत. आणि ‘तीही मुळेच ना गं?’ या प्रश्नाला ‘तू आधी कीस ढवळ, खाली लागतोय’ एवढेच उत्तर मिळे. लोखंडी कढईत साजूक तुपावर जिरे, मिरची आणि रताळ्याचा कीस परतला जाई, आणि कडेला लागलेली खरपूस पापडी उलथन्याने खरवडून देताना ती मला मुद्दाम शेवटी बोलावी. साबूदाण्याची कथा तर याहून मजेची आहे. आग्नेय आशियातला मूळचा साबूदाणा सागू ताडाच्या खोडातल्या पिठापासून होतो. आपल्याकडचा, तमिळनाडूतल्या सेलम भागातून येणारा, टॅपिओकाच्या फुगलेल्या मुळांपासून. खोड जाऊन मूळ आले, तरी कोणाचाही उपवास मोडला नाही.

गाजराच्या हलव्याच्या दिवशी आजी प्रत्येक गाजर उभे चिरून मधला फिकट दांडा काढून टाकत असे. तो दांडा म्हणजे पाणी वर चढवणारा भाग आणि भोवतालचा रसाळ भाग म्हणजे पानांनी तयार केलेली साखर साठवण्याची जागा, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आजीच्या जिभेला ते आधीच ठाऊक होते. गाजर हे दोन हंगामांचे झाड आहे. पहिल्या हंगामात ते पाने वाढवते आणि मुळात शिल्लक टाकते, आणि दुसऱ्या हंगामात त्या शिलकीवर उंच दांडा काढून कोथिंबिरीसारख्या पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडते. बियाणे धरणारा शेतकरी सोडला, तर ही फुले पाहतो कोण? आपण पहिल्याच हंगामाच्या शेवटी सगळी शिल्लक उपटून किसणीवर धरतो.

ज्या मुळांनी साठवण्याच्या फंदात न पडता दुसरीच कामे पत्करली, त्यांच्या वाट्याला निदान किसणी आली नाही. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकून खांब होतात आणि मूळ खोड गेले तरी झाड पेलतात; हावड्याच्या वनस्पतिउद्यानातल्या विस्तीर्ण वडाचे मुख्य खोड 1925 मध्ये बुरशीमुळे काढावे लागले, तरी तो वड उभाच आहे. मानखुर्दहून वाशीकडे जाताना ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेला तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. मुळाने खाली जावे हा नियम त्यांनी सरळ धुडकावला आहे, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नाहीच. लोकलमध्ये दाराशी जागा मिळाली की मी त्यांच्याकडे बघत राहतो, आणि शेजारचे माझ्याकडे.

मुळ्याची गोष्ट निराळी. तो वेळेवर उपटला नाही तर आपली शिल्लक खर्चून फुलावर येतो, जमिनीतला मुळा जून आणि पोकळ होऊन जातो, आणि वर हिरव्या तिखटसर शेंगा लागतात. त्यांनाच आपण डिंगऱ्या म्हणतो. म्हणजे जमिनीखाली साठवलेले तेवढे घ्यायचे आणि ते नाही मिळाले तर त्याचे जे काही झाले असेल तेही घ्यायचे, अशी आपली तयारी असते. डिंगऱ्यांची भाजी उपवासाला चालते का, हे आजीला विचारायचे राहून गेले. पण चालत नसणारच.