ओला फडका आणि कंडेन्सर

गाडी बंद पडली ती हेडिंग्टनच्या राउंडअबाउटवर, शनिवारी भर दुपारी. आधी दोन-तीन हिसके, मग सायलेन्सरमधून 'फट्' असा आवाज, आणि मग सगळं चिडीचूप. शेजारच्या सीटवर बाबा होते. महिनाभरासाठी ऑक्सफर्डला आले होते आणि माझ्या गाडीतून ही त्यांची पहिलीच फेरी. ते जराही न गडबडता म्हणाले, "अगं, पेट्रोलची वाफ झालीय. पाण्याची बाटली आहे का? आणि एखादा फडका?"

मॉरिस मायनर रस्त्यात बंद पडली की इंग्लंडमध्ये कोणी हॉर्न वाजवत नाही. लोक उतरून येतात, धक्का मारतात आणि आपल्या आजीकडे हीच गाडी कशी होती ते सांगतात. त्या दिवशीही दोघं आले. गाडी कडेला लागली. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं, फडका भिजवला आणि इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर नीट गुंडाळला. दहा मिनिटांनी सेल्फ मारला आणि गाडी चालू! बाबांनी बावीस वर्षं अँबेसिडर चालवली आहे; घाटात गाडी तापली की हाच इलाज. मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबेसिडर झाली, तेव्हा माझी मायनर म्हणजे घरातलीच पोर, तिला काय औषध लागतं ते आपल्याला कळणारच, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता. आणि इलाज लागू पडला होता, त्यामुळे मीही मान डोलावली. पुढचे तीन आठवडे वाया गेले ते त्या मान डोलावण्यामुळे.

गाडी १९६८ ची आहे, १०९८ सीसीची. घरापासून चार मैलांवरच्या काउलीच्या कारखान्यात मायनर बनायच्या. अ‍ॅलेक इसिगोनिसने आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आली आणि १९७१ पर्यंत निघत राहिली. दहा लाखांचा आकडा गाठणारी ब्रिटनची पहिली गाडी. उत्पादन सुरू व्हायच्या थोडं आधी इसिगोनिसला ती अरुंद वाटली म्हणून त्याने नमुन्याची गाडी चक्क मधोमध उभी कापली, दोन्ही भाग चार इंच लांब सरकवले आणि म्हणाला, आता ठीक. तोवर बंपर तयार होऊन पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरला मध्ये चार इंचांचा जोड आहे. ज्याला एवढं दिसलं त्याने ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या पोटात का कोंबला, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला, तिच्यात फार फेरफार केलेले नसतील तर, २०१८ पासून एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, सक्तीची नाही. टॅक्स शून्य पौंड. तरी दरवर्षी अर्ज करून तो शून्य रीतसर 'भरावा' लागतोच. तपासणी नाही म्हटल्यावर मजा वाटते, पण गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते. म्हणून पुढच्या चाकांच्या ट्रनियनना, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्यांना, मी न चुकता ग्रीस गन लावते. त्या जागेचं ग्रीस सुकलं की आटे झिजतात, आणि आटे गेले की एक दिवस चाक दुमडून मडगार्डखाली जाऊन बसतं. मायनरवाल्यांना एवढी एकच भीती असते. बाकीचं सगळं दुरुस्त होतं.

पाने मात्र वेगळे लागतात. सगळं इंचात. पहिल्या महिन्यात मी अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना लावला. फरक जेमतेम ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की सरकतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. तो गोल नट मी खिडकीत ठेवला आहे, ताकीद म्हणून.

तर वाफ. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ झाली की इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. बाबांचं निदान पटण्याजोगंच होतं. २०२१ पासून इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुनी रबरी नळी खराब होते. मी नळ्या बदलल्या, महागडं, कमी इथेनॉलचं पेट्रोल भरायला लागले. पुढच्या रविवारी वीस मिनिटांत गाडी पुन्हा तशीच बंद. फडका. दहा मिनिटं. चालू.

मग मी कार्बोरेटर उघडला. एसयू कार्बोरेटर हे फार देखणं यंत्र आहे. वर पितळी टोपीची घुमटी, आत पिस्टन, पिस्टनच्या बुडाला निमुळती सुई. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर जातो, सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकातून, बाहेर येते आणि त्या मापात पेट्रोल वाढतं. बोटाने पिस्टन वर उचलून सोडला की खाली 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. तो येत होता. म्हणजे कार्बोरेटरचं काही बिघडलेलं नव्हतं. पण एवढं सगळं उघडून 'काही नाही' म्हणत बंद करायला माणसाचा हात धजत नाही. मी जेटचा नट दोन फ्लॅट, म्हणजे नटाच्या सहा बाजूंपैकी दोन बाजूंइतका, खाली फिरवला. त्याने पेट्रोल वाढतं. आता गाडी गरम झाल्यावर बंद पडायचीच, शिवाय प्लगही काजळायला लागले. एका आजाराचे दोन झाले. नवरा चहा घेऊन बाहेर आला, डोकावला आणि काही न बोलता आत गेला. शहाणा आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की आता रस्त्यावर न्यायची नाही. घरासमोरच हँडब्रेक ओढून गाडी चालू ठेवायची आणि ती बंद पडेपर्यंत वाट बघायची. बाबा खुर्ची टाकून बसले, मांडीवर ओला फडका तयार. पस्तीस मिनिटं झाली. ऊन उतरलं. मग हिसके, 'फट्', बंद.

बाबा उठले. मी म्हटलं, "थांबा बाबा, फडका नको. एकदा किल्ली फिरवून बघू."

किल्ली फिरवली. पंप तीन-चार वेळा टिकटिकला आणि गप्प झाला.

मी तशीच उभी राहिले. हा पंप विजेवर चालतो आणि कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोलची वाटी, भरेपर्यंत टिकटिकत राहतो. भरलं की थांबतो. नळीत वाफ अडकली असती तर त्याने वेड्यासारखी टिकटिक लावली असती. तो गप्प होता, म्हणजे पेट्रोल पोचलेलं होतं. हेडिंग्टनलाही तो असाच गप्प झाला होता. मी ऐकलं होतं, पण माझं सगळं लक्ष फडक्यात. आणि सायलेन्सरमधला तो 'फट्'! न जळलेलं पेट्रोल तिथवर जाऊन पेटल्याशिवाय तो येणार कुठून? पेट्रोल कमी पडत नव्हतं. ठिणगी कमी पडत होती.

प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन क्लिपा सोडल्या, आतला फिरता रोटर काढला. बाबांना आत बसवून सेल्फ मारायला सांगितलं आणि वाकून बघितलं. संधिप्रकाशात दिसलं ते आजही डोळ्यांसमोर आहे: पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क, उघडले की दर वेळी त्यांच्यामध्ये जाड, निळीपांढरी ठिणगी. बाबांनाही बोलावलं, सेल्फ मी मारला. ते चष्मा वर करून बघत म्हणाले, "अगं, इथे तर वेल्डिंग चाललंय की!"

चांगल्या गाडीत तिथे फार तर पुसटशी चमक दिसते. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पॉइंट उघडतात त्या क्षणी पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह एका फटक्यात तुटायला हवा. तो तसा तुटला तरच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगला ठिणगी मिळते. प्रवाह असा सहजी तुटत नाही, फटीवरून उडी मारून जायला बघतो. ती उडी मारू न देता त्याला क्षणभर पोटात घेणारी वस्तू म्हणजे कंडेन्सर. अंगठ्याच्या पेराएवढी डबी. ती आतून गेली की सगळा जोर पॉइंटवरच जळून जातो आणि प्लगला उरतं नुसतं नावापुरतं. माझा गरम झाल्यावर जात होता आणि गार झाला की पुन्हा कामाला लागत होता. गार व्हायला साधारण दहा मिनिटं लागायची. म्हणजे बाबा फडका भिजवणार, पिळणार, गुंडाळणार आणि घड्याळ बघणार, नेमका तेवढा वेळ.

नवा कंडेन्सर पाच पौंडांच्या आत आला. पॉइंटही बदलले, कारण जुन्यांच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं होतं. फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पातीने, ०.०१५ इंचाची फट बसवली: पाती हलकीशी अडत सरकली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. सेल्फ मारला. काही नाही. एकही ठिणगी नाही.

तासभर शोधाशोध केल्यावर सापडलं. पॉइंटच्या खुंटीवर प्लास्टिकचा एक छोटा टोपीवजा बुश असतो. दोन्ही वायरींची टोकं त्या बुशवर, स्प्रिंगला चिकटून बसायला हवीत, पण खुंटीला शिवता कामा नयेत. मी एक टोक बुशच्या खाली घातलं होतं. सगळा करंट गुपचूप बॉडीत जात होता. ते काढून वर घेताना इवलासा स्क्रू डिस्ट्रिब्युटरच्या पोटात पडला. तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावून बाबांनी काढला. हात त्यांचा अजून स्थिर आहे, माझा तेव्हा नव्हता.

गाडी चालू झाली. कार्बोरेटरचा नट दोन फ्लॅट परत वर. नव्या कंडेन्सरने नवव्या दिवशी मान टाकली, पण आता निदानाला तीन आठवडे नाही, तीन मिनिटं लागली. दुसरा दुकानदाराने जुन्या साठ्यातला शोधून दिला. तो आजवर टिकला आहे. एक जास्तीचा आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो.

बाबा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही काउलीपर्यंत जाऊन आलो. तिथे आता मिनी बनतात. बाबा फाटकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "माझ्या अँबेसिडरचाही दर वेळी कंडेन्सरच असेल का गं?"

परवा त्यांचा फोन आला. इथे ऊन फार आहे असं मी म्हटलं, तर लगेच विचारलं, "फडका आहे ना गाडीत?"

आहे. डिकीत, घडी करून.