खानापूरचा राउटर यादीतून सुटणार होता

2019 चा पावसाळा. आमच्या सोसायटीच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळ्या शाखांत मायक्रोटिक कंपनीचे राउटर, आणि बघणारा मी एकटाच. ऑडिटवाल्यांनी विचारलं, सीव्हीई-2018-14847 (सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भोकांच्या जाहीर यादीतला नंबर) मध्ये तुमचे किती राउटर येतात? विनबॉक्स म्हणजे मायक्रोटिकचे राउटर सांभाळायचं सॉफ्टवेअर, त्यातलं भोक आहे हे, त्याचा 8291 पोर्ट, म्हणजे राउटरचं दार, बाहेर इंटरनेटला उघडा असला की पासवर्ड न देता कुणीही युजरची फाइल वाचू शकतो, म्हणजे ॲडमिन पासवर्डच हातात. राउटरच्या सॉफ्टवेअरची व्हर्जन वेगवेगळ्या चॅनलमधून निघायची, त्यातल्या नेहमीच्या करंट चॅनलमध्ये 6.29 ते 6.42 बाधित, 6.42.1 ला दुरुस्त.

मग काय, प्रत्येक राउटरवर सिस्टिम रिसोर्स प्रिंट ही कमांड मारायची, व्हर्जन शीटमध्ये भरायचं, रेंजमध्ये आलं की लाल. व्हर्जन म्हणजे दशांश नव्हे, 6.9 नंतर 6.10 येतं, म्हणून टिंबावर तुकडे करून तुलना करणारा फॉर्म्युला लावला होता. निपाणी लाल आली, खानापूर हिरवं.

पण खानापूरसमोर 6.4 दिसत होतं आणि ते मनात राहिलं, कारण तो राउटर मीच 2017 च्या दिवाळीत बसवलेला, एवढं जुनं कसं असेल? परत लॉगिन केलं तर 6.40! शीटनं आकडा समजून शेवटचं शून्य उडवलं होतं, मग 4 हे 29 पेक्षा लहान, म्हणून सुरक्षित. छातीत धस्स झालं, लोकांच्या ठेवी आहेत हो तिथं.

निपाणीचं उलटं. तिथं 6.40.8, पुढं कंसात बगफिक्स, म्हणजे फक्त दुरुस्त्या येणारा वेगळा चॅनल. 40 हे 42 च्या आतलं म्हणून लाल, पण बगफिक्स चॅनलला दुरुस्ती 6.40.8 मध्येच आली होती. नुसता नंबर जुळवून उपयोग नाही, चॅनल बघायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी धो धो पावसात खानापूर गाठलं. आधी कुणी आत शिरून काही ठेवलंय का म्हणून युजर, शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), स्क्रिप्ट आणि सॉक्स (दुसऱ्याचा ट्रॅफिक आपल्यातून फिरवणारी प्रॉक्सी) तपासले, अनोळखी काही नव्हतं. मग अपग्रेड. मधेच लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला, शिपाई मामा टॉर्च धरून उभे, "होतंय न्हवं?" म्हणत होते. राउटर वर आला. तरी पासवर्ड बदललाच, कारण फाइल आधीच कुणी वाचून नेली असेल तर अपग्रेडनं ती परत येत नाही, आणि 8291 फक्त हेड ऑफिसच्या आयपीलाच उघडा ठेवला.

शीटमधला व्हर्जनचा कॉलम टेक्स्ट केलाय, शेजारी चॅनलचा कॉलम वाढवलाय, आणि सगळ्या शाखांचे आकडे परत हातानं भरले.